चित्र अडकाय न्हाय पायजे

म्हादूअण्णा कॉम्प्युटरसमोर बसले की आधी उजव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवायचे. डाव्या पायातली तशीच राहू द्यायचे. पहिल्यांदा ते दुकानात आले तेव्हा मला वाटलं, पायाला काही लागलं असेल. मग लक्षात आलं, पडद्यावरची गाडी वळणाला आली की त्यांचा तो अनवाणी पाय फरशी दाबत होता. ब्रेकसाठी कीबोर्डवरचं कोणतं बटण दाबायचं ते त्यांना सांगून झालं होतं. बोट ते बटण दाबतही होतं, पण पाय ऐकत नव्हता. टाच टेकलेली, चवडा फरशीत रुतवलेला, आणि मांडीपर्यंत सगळा पाय ताठ. पंचवीस-सव्वीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचा पाय होता तो.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथे मी मशीन जोडायचं काम करत होते. सकाळी गडमुडशिंगीहून बसने यायचं आणि संध्याकाळी परत जायचं. हार्डवेअरचा कोर्स केलेली त्या गल्लीत मी एकटीच मुलगी. गिऱ्हाईक आत आलं की माझ्यावरून नजर फिरवायचं आणि विचारायचं, "साहेब कुठायत?" माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि समोर उघडा कॅबिनेट असला तरी विचारायचं. मला त्याची सवय झाली होती. म्हणजे राग येत होता, पण तो दिसू द्यायचा नाही याची सवय झाली होती.

अण्णा पहिल्यांदा आले त्या दिवशी मालकच पुढे झाले.

"या पावणं, काय पायजे?"

"गाडी चालवायचा गेम असतोय न्हवं, त्यो ज्याच्यावर नीट चालतोय असलं मशीन पायजे. एकच अट हाय. चित्र अडकाय न्हाय पायजे."

"पोरासाठी घेताय?"

"माझ्यासाठी."

मालक हसले. समोरचा माणूस हसला नाही. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने आडवा, इस्त्री न केलेला पण स्वच्छ धुतलेला पांढरा शर्ट. डाव्या मनगटाचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं. नाव महादेव चौगुले, गाव मुरगूड. गावात सगळे म्हादूअण्णा म्हणतात, असं त्यांनी बिलावर नाव घालायच्या वेळी सांगितलं, आणि पुढे मीही अण्णाच म्हणत गेले.

मालकांनी फडताळावरून एक खोका काढला. त्यावर आग ओकणाऱ्या राक्षसाचं चित्र आणि मोठा आकडा, एकशे अठ्ठावीस एमबी. "ग्राफिक्स कार्ड म्हणतात ह्याला. चित्र काढायचं काम ह्येच करतं. ह्याच्यावर बाजारात काय न्हाय." तसली कार्डं दुकानात ढिगाने पडून होती, हे मला माहीत होतं. अण्णांनी खोक्याकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे वळले.

"मशीन तू उघडतीस न्हवं?"

"हो."

"मग तू सांग. गॅरेजमधीबी मी ज्येचं हात काळं असत्यात त्येलाच इचारतो."

मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मोठे केले. पण 'साहेब कुठायत' असं न विचारणारं ते त्या महिन्यातलं पहिलं गिऱ्हाईक होतं, त्यामुळे मी खरं ते सांगितलं. या कार्डावर मेमरी भरपूर आहे, पण मेमरी आणि चिप यांच्यामधली वाट अरुंद आहे. डोंगर, झाडं, रस्ता, सगळं एका दमात न्यावं लागतं, ते तिथे तुंबतं. याच्या निम्म्या मेमरीचं पण रुंद वाटेचं दुसरं कार्ड येतं, ते पुण्याहून मागवावं लागेल.

"म्हंजे गोडाऊन थोरलं आनि रस्ता एका गाडीचा," अण्णा म्हणाले.

"हो. अगदी तसंच."

"आनि इंजिन?"

प्रोसेसरला ते शेवटपर्यंत इंजिनच म्हणाले. मी सांगितलं, इंजिन हलकं घेऊन चालणार नाही. गाडी किती वळली, टायर किती घसरलं, समोरून काय आलं, हे सगळं आधी प्रोसेसर काढतो आणि मग कार्ड त्याचं चित्र करतं. प्रोसेसरला उशीर झाला, तर कार्ड कितीही दमदार असो, चित्र उशिराच येणार. दोघं तोडीस तोड पाहिजेत.

'उशिरा' म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदम रोखून बघितलं.

"किती उशिरा?"

"सेकंदाचा दहावा भाग. कधी विसावा."

"लई झाला," ते म्हणाले.

त्यानंतर महिनाभरात ते चार-पाच वेळा आले. मुरगूडहून एसटीने यायचे, बाकावर बसायचे, चहा नको म्हणायचे. मी एकेक प्रोसेसर, एकेक कार्ड लावून गेम सुरू करून दाखवायची. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा पळत असतो, एका सेकंदात किती चित्रं उमटली त्याचा. मालक मागून ओरडायचे, "सरासरी चाळीस पडतंय पावणं, अजून काय पायजे?" एकदा अण्णांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "सरासरी तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. सगळ्यात कमी किती झालं आनि कुठं झालं, त्येवढं मला सांगा. माणूस सरासरीत मरत न्हाय." मालक काउंटरकडे वळले. मलाही ते वाक्य जरा विचित्रच वाटलं. गेमसाठी कोण असं बोलतं?

दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असायचं. एखादं कार्ड जवळजवळ बरं वाटलं, कुठेतरी किंचित झटका बसला, आणि मी म्हटलं, "एवढं चालतंय की अण्णा," तर मान हलवून म्हणायचे, "न्हाय. मशीनला नाव ठेवाय जागा ऱ्हायली की माणूस सवताकडं बघत न्हाय."

शेवटी पुण्याहून रुंद वाटेचं कार्ड आलं, त्याच्या तोडीचा पेंटियम आला, आणि मुंबईहून स्टिअरिंग आणि पायातल्या पेडलांचा संच आला. अण्णांनी त्यासाठी गोठ्यातली एक म्हैस विकली होती, असं मला नंतर कळलं.

मशीन लावायला मी मुरगूडला गेले. गल्लीतलं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. पुढच्या खोलीत अण्णांनी टेबल आधीच मांडून ठेवलं होतं, खुर्चीची उंची बसच्या सीटएवढी यावी म्हणून तिच्याखाली विटा लावल्या होत्या. भिंतीवर एका तिशीतल्या माणसाचा फोटो होता, हार घातलेला. दाट मिशा, आणि फोटो काढताना हसू दाबल्यासारखा चेहरा.

अण्णांच्या बायकोला गल्लीत आक्का म्हणत. त्यांनी माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या, मग आत गेल्या आणि घरातल्याच कपातून चहा घेऊन आल्या. "बाईमाणूस असून ह्ये सगळं येतंय व्हय तुला," एवढंच म्हणाल्या. फोटोकडे माझी नजर गेलेली बघून त्यांनी सांगितलं, "भाऊ माझा. पांडबा. हातकणंगल्याला फाउंड्रीत हुता."

मशीन सुरू झालं. अण्णांनी चप्पल काढली, पाय पेडलवर ठेवला. गेममध्ये बरेच रस्ते होते, त्यातला एकच त्यांनी निवडला. डोंगरातला उतार, उतारावर डावीकडे वळण, वळणाबाहेर दरी. बस घेऊन ते खाली उतरले आणि नेमक्या त्या वळणावर चित्र अडकलं. पापणी लवावी एवढंच, पण अडकलं. पुन्हा उतरले, पुन्हा त्याच जागी.

मी कोपऱ्यातला आकडा बघत होते, तो बाकी सगळीकडे छान होता. मग कॅबिनेटवरच्या तांबड्या दिव्याकडे लक्ष गेलं. वळण आलं की तो दिवा लुकलुकायचा. पुढचा रस्ता मशीनला हार्डडिस्कमधून उचलून आणावा लागत होता, कारण रॅम पुरत नव्हती. कार्डाचा दोष नव्हता, प्रोसेसरचाही नव्हता. पुढच्या आठवड्यात मी रॅम दुप्पट केली.

त्या दिवशी बस उतारावरून पाण्यासारखी खाली आली. वळण आलं, दिवा लागला नाही, चित्र थांबलं नाही. अण्णांनी ब्रेक दाबला, बस कठड्याच्या अलीकडे उभी राहिली. मला आनंद झाला. एवढ्या खटपटीनंतर मशीन मनासारखं चाललं की होतो तसा. मी अण्णांकडे बघितलं, तर त्यांच्या कपाळावर घाम होता.

"आता मशीनला बोलाय जागा न्हाय," ते म्हणाले.

आक्का शेजारी दूध घालायला गेल्या होत्या. अण्णांनी दाराकडे एकदा बघितलं आणि मग मला सगळं सांगितलं.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णा एका खासगी मालकाची बस चालवत होते. फाउंड्रीतल्या कामगारांची कोकणात सहल निघाली होती. ती ठरवली होती पांडबाने, आणि दाजींचीच गाडी पाहिजे म्हणून हट्ट धरला होता त्यानेच. घाट उतरताना बस वळणावरून खाली गेली. सात माणसं मेली. त्यात पांडबा होता. तो अण्णांच्या डाव्या हाताला, बोनेटवर बसला होता.

अण्णांवर खटला झाला. ब्रेक लागला नाही, असं त्यांनी कोर्टात सांगितलं. ब्रेक चांगला होता, ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं, असं मालकाने सांगितलं. तोवर मालकाने बस भंगारात घालून टाकली होती, त्यामुळे तपासायला काही उरलंच नव्हतं. कोर्टाने संशयाचा फायदा देऊन अण्णांना सोडून दिलं. तारखांच्या दिवसांत वेळ काढायला ते कोर्टासमोरच्या गल्लीत फिरायचे. तिथल्या एका सायबर कॅफेत त्यांनी पोरांना गाडीचा गेम खेळताना पाहिलं होतं.

"मी सुटलो," अण्णा म्हणाले, "पन चूक कुनाची ह्ये कुनीच सांगितलं न्हाय. ब्रेक दाबला तवा पाय रिकामाच खाली गेला, असं वकिलानं मला इतक्यांदा घोकून घेतलं, की आता खरंच गेलता का म्या उशिरा दाबला, ह्ये मलाच आठवत न्हाय बघ. एकच आठवतंय. वळनाच्या आधी पांडबानं हाक मारली, आनि म्या त्येच्याकडं बघितलं."

माझी नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

"ह्ये हिला म्हायत न्हाय," ते म्हणाले. मग स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "पोरी, एक काम कर. हितं डाव्या बाजूला उभी ऱ्हा. मी खाली उतरतो. वळनाच्या आधीचा त्यो पिवळा दगड आला की मला 'दाजी' म्हणून हाक मार."

मी नाही म्हणायला हवं होतं. तेव्हा माझं वय तेवीस होतं आणि समोरचा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा. मी उभी राहिले. पिवळा दगड आला. मी म्हटलं, "दाजी."

अण्णांनी माझ्याकडे मान वळवली. डोळ्यांत बघितलं, आणि चक्क हसले. मग मान समोर, पाय पेडलवर. बस कठडा तोडून गेली.

आम्ही ते पुन्हा केलं. पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी कठड्याला घासून थांबली. चौथ्या वेळी गेली. हाक न मारता उतरले की प्रत्येक वेळी बस थांबत होती. बाहेर आक्कांच्या चपला वाजल्या तसं अण्णांनी मशीन बंद केलं.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी आक्का दुकानात आल्या. कधी एकट्या कोल्हापूरला न येणारी बाई, पदर डोक्यावरून घट्ट घेऊन दारातच उभी. मी त्यांना बाकावर बसवलं. त्या म्हणाल्या, "ह्यांनी जेवन सोडल्यागत केलंय. सकाळी बसत्यात ते दिवस मावळंस्तवर. एकटंच आपलं तोंडानं दाजी म्हनत्यात, आनि मग त्यो आवाज येतोय, गाडी पडल्याचा. मी सैपाकघरात असतो. दिवसातनं किती येळा माझा भाऊ पडतोय, मोजाय सोडलं मी."

गेम काढून टाकू का, असं मी विचारलं.

"काढू नको. दुसरीकडं जाऊन खेळतील. तुला मशीनच्या आतलं कळतंय न्हवं? त्या गाडीचा ब्रेक निकामी कर. एकदा तरी ते मशीन म्हनू दे, की ब्रेकच न्हवता." मग माझा हात धरून म्हणाल्या, "भाऊ गेला माझा. नवराबी घालवायचा न्हाय मला."

त्यांना नेमकं किती माहीत होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

काम अवघड नव्हतं. त्या गेममध्ये प्रत्येक गाडीची एक साधी फाइल असायची. वजन किती, टायर कसे, ब्रेकचा जोर किती, सगळे आकडे उघडे लिहिलेले. दोन दिवसांनी पंख्यातली धूळ काढायच्या निमित्ताने मी मुरगूडला गेले. अण्णा चेहऱ्याने निम्मे झाले होते, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. ते पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात मी फाइल उघडली, ब्रेकचा आकडा तिसऱ्या हिश्श्यावर आणला आणि फाइल बंद केली. मनात म्हटलं, कोणाचं काय बिघडतंय यात?

अण्णा येऊन बसले. उतार उतरले. हाक नाही, काही नाही, नजर समोर. ब्रेक दाबला. बस थांबली नाही, सरळ कठडा तोडून गेली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आता मात्र ते वळणापर्यंत गेलेच नाहीत. सपाट रस्त्यावरच ब्रेक दाबून बघितला, सोडला, पुन्हा दाबला. दोनदा. मग पाय पेडलवरून काढून घेतला.

"ब्रेक हलका केलास तू," ते म्हणाले.

मी कीबोर्डकडे बघत राहिले.

"कोर्टानं सोडलं मला. आता तूबी सोडाय लागलीस. मला धरनारं कोन हाय का न्हाय?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी कसंबसं म्हटलं, "अण्णा, मुळात तो आकडासुद्धा कुणीतरी अंदाजानंच घातलेला असतो. तुमची बस अशी थांबत होती, असं थोडंच आहे? गेम आहे तो. गाडी खोटी आहे."

"गाडी खोटी हाय, म्हायत हाय की मला. रस्ता खोटा हाय. पन माझा पाय खरा हाय न्हवं? नजर वळली की पाय किती उशिरा पडतोय, त्येवढंच बघतोय मी. त्ये खोटं न्हाय." मग म्हणाले, "व्हता तसा कर."

मी फाइल उघडली. जुना आकडा मला पाठ होता. तो पुन्हा घातला. मागे आवाज झाला म्हणून वळले, तर आतल्या दारात आक्का उभ्या होत्या, हातात चहाचे दोन कप. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

अण्णांनी खुर्ची त्यांच्याकडे फिरवली आणि सांगून टाकलं. आढेवेढे घेतले नाहीत. "पांडबानं हाक मारली, म्या त्येच्याकडं बघितलं. रस्त्यावर नजर न्हवती माझी. कोर्टात म्या ह्ये सांगितलं न्हाय. तुलाबी सांगितलं न्हाय."

आक्कांनी कप टेबलावर ठेवले. चहा जरासुद्धा सांडला नाही. मग विचारलं, "कशाला हाक मारली त्यानं?"

"तू फडक्यात धपाटी बांधून दिलतीस. माझं येगळं, त्येचं येगळं. त्यानं दोनी सोडून बघितली आनि म्हनला, दाजी बघा, तुमच्या फडक्यात दोन आनि माझ्यात चार. आक्की अजून म्हायेरचीच हाय. म्हनून म्या बघितलं. आनि हसलो."

आक्का भिंतीवरच्या फोटोकडे बघत होत्या.

"पाच हुती," त्या म्हणाल्या. "पाच घातल्ती म्या त्येला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हातकणंगल्याला भावजयीकडे गेल्या. पांडबाची बायको तिथे दोन लहान मुलांना घेऊन एकटी राहत होती. आक्का जाताना काही भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, असं अण्णांनी मला नंतर सांगितलं. गोठ्यातल्या राहिलेल्या म्हशीची धार काढून, दूध घालून आल्या, पिशवी भरली आणि स्टँडवर चालत गेल्या.

महिन्याभराने अण्णा दुकानात आले. बाकावर बसले, आणि पहिल्यांदाच चहा घेतो म्हणाले. ते हातकणंगल्याहून येत होते. पांडबाच्या बायकोलाही सगळं सांगून आले होते.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"भांडी घासत हुती. मी सांगत हुतो, ती घासत हुती. माझं संपलं तरी घासतच ऱ्हायली. मग मी उठून आलो."

"आणि आक्का?"

"आतनं बाहीर आली न्हाय."

चहा संपल्यावर त्यांनी मशीन घेऊन जायला सांगितलं. आता त्याचं काम राहिलं नाही म्हणाले. मालकांनी गाडी पाठवली. मीच ते मशीन सोडवलं. कार्ड एका कॉलेजच्या मुलाने घेतलं, प्रोसेसर दुसऱ्याच कुणाच्या मशीनमध्ये गेला, स्टिअरिंग बरेच दिवस काउंटरखाली पडून राहिलं. त्या कॉलेजच्या मुलाने विचारलं, "ह्याच्यावर गेम अडकत नाही ना?" मी नाही म्हटलं. एवढं पारखून घेतलेलं कार्ड मी नंतर कधी विकलं नाही.

त्यानंतर अण्णांची माझी भेट झाली ती एकदाच. माझं लग्न ठरलं होतं, पत्रिका द्यायला मुरगूडला गेले. ते घरात एकटेच होते. चूल पेटवायचं सोडून दिलेलं दिसत होतं, शेजारून डबा येत होता. त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, नीट वाचली. मला म्हणाले, "तुझा मालक गाडी चालवतोय का?" मोटारसायकल आहे, असं मी सांगितलं. "मागं बसलीस की बोलू नको त्येच्याशी," ते म्हणाले. "घरला जाऊन काय ते बोला." लग्नाला ते आले नाहीत. मी वाट पाहिली नव्हती, असं नाही.

दीड-दोन वर्षं गेली. मुरगूडचं एक गिऱ्हाईक प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आलं होतं, त्याच्याकडून अण्णा गेल्याचं कळलं. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा फार पुढे गेलं होतं. मला कळलं तोवर त्यांचे दिवसही होऊन गेले होते. तरी मी गेले.

दार आक्कांनी उघडलं. शेवटचे दोन महिने त्या परत येऊन राहिल्या होत्या. अण्णांचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी सगळं त्यांनीच केलं. पेज पातळ करून चमच्याने भरवली. एवढं सगळं त्यांनी मला घरातल्या कामांची यादी सांगावी तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "बोललो मातूर न्हाय. दोन म्हयनं एक शबूद बोललो न्हाय मी त्यांच्यासंगं. ते बघायचे माझ्याकडं. मी चमचा बघायचो."

मी खाली मान घालून बसले होते. भिंतीवर आता दोन फोटो होते, शेजारी शेजारी.

"एक इचारू?" आक्का म्हणाल्या. "त्यो ब्रेक तू परत नीट का केलास?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, असं नाही. पण उत्तर एकच होतं, तेच दिलं.

"अण्णांनी सांगितलं म्हणून."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता.

"मीबी सांगितल्तं की तुला," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.